मिटायचे राहिलेले डोळे

चित्रातल्या मुलीच्या डाव्या बुबुळावर चित्रकर्तीने पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका ठेवला, ब्रशचा दांडा दातांत धरला आणि मान मागे घेऊन पाहिलं. मुलगी थेट तिच्याकडेच बघत होती. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं, केस उशीवर विस्कटलेले आणि डोळे टक्क उघडे. लहानग्या पोरीचं ते बघणं असं नेमकं उतरलं होतं की चित्रकर्तीला स्वतःचाच थोडा हेवा वाटला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

आवाज खालून आला. शिडीच्या पायाशी, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून आत्या उभ्या होत्या.

"काय, आत्या?"

"हे." त्यांनी काठी उचलून मुलीच्या चेहऱ्याकडे रोखली. काठीचं टोक थरथरत होतं. "हिचे डोळे."

आत्या म्हणजे दादांची सख्खी धाकटी बहीण. ज्यांच्या नुसत्या बोलण्यासाठी लांबलांबून माणसं येत आणि बोलणं संपलं तरी उठायचं विसरत, ते हे दादा. त्यांना दादा म्हणण्याचा मूळ हक्क एकट्या आत्यांचा होता. पुढे जगाने तो शब्द उचलला आणि आत्यांना कोणी विचारलंही नाही. आता दादांच्या नव्या सभागृहाच्या लांब भिंतीवर त्यांच्या बालपणाचे प्रसंग रंगत होते. दारं, भिंती, भांडी आणि कापडाच्या चुण्या चित्रकर्तीचा धाकटा भाऊ काढायचा, माणसं ती काढायची. प्रसंग सभागृहाच्या समितीने ठरवून दिले होते, पण कुठे खाट होती, कुठे खिडकी, आईचं पातळ कुठल्या रंगाचं, हे सगळं आत्यांनी सांगितलेलं. ते घर पाहिलेलं दुसरं कोणी आता उरलंच नव्हतं.

त्यातलं हे चित्र सगळ्यांत मोठं, दादांनी घर सोडलं त्या रात्रीचं. आईवडील गाढ झोपलेले, धाकटी बहीण गाढ झोपलेली, दाराशी कंदील आणि मिसरूडही न फुटलेला मुलगा उंबरा ओलांडून निघालेला. चित्र अर्धं व्हायच्या आधीच खाली पितळी पट्टी ठोकून झाली होती : 'सारे घर निद्रेत असताना, मागे वळूनही न पाहता'. समिती बाकी सगळ्यात रेंगाळायची, पट्ट्यांच्या बाबतीत मात्र फार तत्पर होती.

"कोणी नाही सांगितलं, आत्या," चित्रकर्ती शिडी उतरत म्हणाली. "आमची पद्धत आहे ही. झोपलेलं माणूस काढायचं असलं तरी आधी डोळा उघडा काढायचा. खाली बुबुळ असलं की वरची पापणी गोल बसते. नाहीतर नुसती चिकटवल्यासारखी दिसते."

"आईचेही डोळे असेच काढले होते?"

"आईचे, बाबांचे, सगळ्यांचे. वाळल्यावर मिटले."

"ताई आधी सगळ्या घराला उठवते," दाराची चौकट रंगवत बसलेला भाऊ म्हणाला, "आणि मग एकेकाला थोपटून झोपवते. अंगाई तेवढी मला म्हणायला लावते."

आत्यांना त्याच्या विनोदांचं एरवी फार अप्रूप. त्याच्यासाठी त्या रोज काहीबाही खायला आणायच्या आणि तो खाताना समोर बसून राहायच्या. आज त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग हिचेही मीट."

"उद्या मिटते. रंग ओला आहे अजून. ओल्या डोळ्यावर पापणी चढवली तर नुसता चिखल होईल."

आत्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली असं काही वाटलं नाही.

तेवढ्यात कार्यवाह आले. समितीचे कार्यवाह कधी चालत येत नसत. फोन कानाला, दुसरा हात वर आणि पाय कायम घाईत.

"दादा आजच येतायत," ते फोन खाली घेत म्हणाले. "उद्या डॉक्टरांनी बोलावलंय त्यांना. घाबरायचं काही कारण नाही. चहा घेऊन लगेच निघतायत. ह्या शिड्या जरा एका बाजूला घ्या, डबे झाका. आणि मॅडम, दादांना काही खटकलं तर आत्ताच सांगून टाकतील. म्हणजे, खटकणार नाही. पण खटकलं तर मात्र आपलं अवघड आहे."

एवढं बोलून, सगळ्यांना पुरेसं घाबरवून, ते आले तसे गेले.

आत्या भावाकडे वळल्या. "बाळा, जरा खुर्ची आण रे मला. आतल्या खोलीतली, पाठीची."

आतल्या खोलीतली खुर्ची म्हणजे सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत आत्या थांबल्या.

"पुसून टाक ते."

"आत्या, अहो…"

"पुसता येतं ना? ओलं आहे म्हणतेस तर पुसता येत असेल."

"पुसता येतं. पण डोळे पुसताना गालही जाईल, कपाळही जाईल. दादा येतील तेव्हा तिथे डाग दिसेल नुसता. त्यापेक्षा मी सांगते ना त्यांना, की काम अर्धं आहे, डोळे उद्या मिटणार आहेत."

"तू सांगशील. तू तुझी पद्धत सांगशील आणि तो ऐकून घेईल, सगळ्यांचं घेतो तसं." आत्यांचा आवाज बारीक झाला. "मग माझ्याकडे बघेल. मला त्याच्यासमोर चेहरा सांभाळता येत नाही गं. कधीच नाही आला."

चित्रकर्तीने चित्राकडे पाहिलं, मग आत्यांकडे. कळायला तिला वेळ लागला.

"जागी होते मी," आत्या म्हणाल्या.

खिडकीबाहेर माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. कुणाशी तरी बोलत मोठ्याने हसत होता.

"सगळं बघितलं. त्याने सदरा घातला, चपला हातात घेतल्या. मला वाटलं, रुसून चाललाय कुठे तरी. त्या दिवशी बाबा बोलले होते त्याला खूप. मी डोळे बारीक करून पडून राहिले. तो खिडकीजवळ झोपायचा. मला हवी असायची ती जागा, रोज भांडायचे मी. म्हटलं, गेला तर आज खिडकी मिळेल." त्यांनी पदराने ओठ टिपले. "आणि मिळाली की. तो गेल्यावर उठून तिथे जाऊन झोपले. सकाळी आईने मला तिथून उठवलं."

"लहान होतात तुम्ही."

"तेव्हा होते. पुढे मोठी झाले ना? आई दाराशी बसून रात्री काढायची. 'मला कशी गं झोप लागली, आई असून मला कशी झोप लागली', शेवटपर्यंत तेच. मी शेजारी बसून पाठीवरून हात फिरवायचे तिच्या. तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं. आणि मग राहूनच गेलं." त्यांनी शाल सावरली. "त्याच्या मेळाव्यात मला उभं करतात, सांगा म्हणतात त्या रात्रीचं. सांगते. सगळे गाढ झोपलो होतो म्हणून सांगते. एवढंच बघते की तो समोर बसलेला नसेल."

चित्रकर्तीने चिंधी उचलली, टर्पेंटाइनच्या बाटलीचं तोंड तिच्यावर उपडं केलं आणि शिडी चढली. वर गेल्यावर मुलगी पुन्हा तिच्याकडे बघू लागली.

हात पुढे होईना. तिला आत्यांची दया येत होती, खरंच येत होती. पण इतक्या वर्षांत असा चेहरा तिच्या हातून उतरला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. एका बाजूला म्हातारीचा जीव टांगणीला लागलेला आणि आपण आपल्या कामाच्या प्रेमात पडून उभे, याची तिला लाज वाटली. चिंधीतून थेंब ओघळून मनगटापर्यंत आला.

"पूस," खालून आत्या म्हणाल्या.

"ताई, हे काय करतेस!" भाऊ खुर्ची घेऊन आला होता. "डोकं फिरलंय का? सकाळपासून राबतेयस त्या तोंडावर."

"अरे, झाकायचं आहे हे."

"मग झाक ना, पुसतेस कशाला?"

इतकी साधी गोष्ट दोघींनाही सुचली नव्हती. त्याने कारण विचारलं नाही. ताईला खाली उतरवलं, जमिनीवर अंथरलेली रंगाने माखलेली चादर ओढली, दोन शिड्या चित्रापुढे उभ्या केल्या आणि त्यांच्यामध्ये ती दोरीने ताणून बांधली. ओल्या रंगाला ती लागत नव्हती आणि झोपलेलं सगळं घर तिच्याआड गेलं. उंबऱ्याबाहेर पडलेला मुलाचा पाय तेवढा एका कडेने दिसत राहिला. आत्या खुर्चीत बसल्या.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

दादा आले ते कार्यवाहांच्या खांद्यावर हात ठेवून. चित्रकर्तीने त्यांना लांबून, उंच व्यासपीठावर पाहिलं होतं. जवळून ते बुटके आणि थकलेले दिसले, स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. मागून समितीची चारपाच माणसं, शाळेत तपासनीस आल्यासारखी गप्प. दादा एकेका चित्रासमोर थांबत गेले. शाळेच्या चित्रात पाटी फुटलेली पाहून हसले. आजारपणाच्या चित्रासमोर म्हणाले, "एवढा गोरा कधी होतो मी?" कार्यवाह गडबडून चित्रकर्तीकडे बघायला लागले, तर दादाच म्हणाले, "असू दे, आता कोण विचारायला येतंय."

मग ते चादरीपाशी आले.

"इथे काय?"

"हे अपुरं आहे, दादा," चित्रकर्ती म्हणाली. "रंग ओला आहे. पुढच्या वेळी…"

"डॉक्टरांच्या हाती गेलो की पुढच्या वेळेचं काही सांगता येत नाही," दादा म्हणाले. "घर सोडल्याचं ना हे? बघू तरी."

"बघू द्या की मॅडम," कार्यवाह म्हणाले आणि कोणी काही करायच्या आत त्यांनी स्वतःच दोरीची गाठ सोडली. चादर खाली पडली.

आत्यांनी मान खाली घातली होती.

"डोळे मिटायचेत अजून, दादा," कार्यवाह घाईघाईने म्हणाले. "यांची पद्धत आहे तशी. आधी उघडे काढतात. उद्या मिटतील. हो ना मॅडम?"

"हो," चित्रकर्ती म्हणाली.

दादांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते चित्राच्या अगदी जवळ गेले, मग दोन पावलं मागे आले. नजर खाटेवरून खिडकीकडे, खिडकीवरून दाराकडे गेली.

"कंदील दाराशी का काढलाय?"

"तसंच सांगितलं होतं," भाऊ म्हणाला.

"कोणी?"

भाऊ उत्तर देणार होता. चित्रकर्तीने त्याच्या पायावर पाय ठेवला. तरी त्याची नजर खुर्चीकडे गेलीच, आणि त्याच्या नजरेमागे दादांची.

"कंदील हिच्या उशाशी असायचा," दादा म्हणाले. सांगत होते भावाला, पण बघत होते बहिणीकडे. "हिला अंधाराची भीती वाटायची. रात्रभर जळत ठेवायला लागायचा, बाबा तेलावरून ओरडायचे. उजेड सगळा हिच्या तोंडावर असायचा. दाराशी अंधारच होता."

आत्यांनी वर पाहिलं.

चित्रकर्तीला त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसलं : दाराच्या अंधारातला मुलगा, उजेडातली मुलगी आणि बारीक केलेले डोळे. कंदिलाच्या उजेडात बारीक केलेले डोळे काय लपणार होते?

"आणि हा पाय," दादा पुढे म्हणाले. त्यांनी उंबऱ्याबाहेर पडलेल्या पावलाकडे बोट केलं. "हा पाय बाहेर नको. तो इतका तरातरा गेला नाही. चौकटीला हात लावून उभा होता. तोंड आत करून."

"आत करून?" कार्यवाहांच्या तोंडून निघून गेलं. त्यांची नजर पितळी पट्टीवर होती.

"बराच वेळ. फरशी गार होती, पाय बधिर झाले तरी उभा होता."

चित्रकर्तीला गप्प बसायला हवं हे कळत होतं. पण तो चेहरा आता तिला नव्याने काढायचा होता, आणि माणूस कशासाठी उभा आहे हे कळल्याशिवाय त्याचा चेहरा काढता येत नाही.

"कशासाठी, दादा?"

दादा किंचित हसले. त्या हसण्यात व्यासपीठावरचं काही नव्हतं.

"कोणीतरी हाक मारेल म्हणून."

मागच्या माणसांपैकी एकाने चुळबुळ केली. कार्यवाहांनी घसा साफ केला. "पण दादा, आपण नेहमी जे सांगत आलो… म्हणजे पट्टीवर तर 'मागे वळूनही न पाहता' असं कोरून…"

"ते तुम्ही सांगत आलात. मला कोणी विचारलं नाही." दादांनी पुन्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पट्टीचं काय करायचं ते तुम्ही बघा. आणि ह्या पोरीचे डोळे मिटू नका."

ते पुढच्या चित्राकडे वळले. खुर्चीजवळून जाताना थांबले. आत्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. दादांनी खाली वाकून त्यांची घसरलेली शाल खांद्यावर ओढली.

"दुपारची गोळी घेतलीस का?"

आत्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग घे," ते म्हणाले आणि गेले.

उरलेली चित्रं त्यांनी भराभर पाहिली. मग सगळी वरात दाराबाहेर पडली, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि सभागृहात तिघंच राहिली. भावाने खडू घेतला आणि दाराशी रंगवलेल्या कंदिलावर फुली मारली. मुलीच्या उशाशी नवा कंदील आखायला बसला. त्याची पाठ दोघींकडे होती आणि तो मुद्दामच तशी ठेवून बसला होता.

आत्या बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत. चित्रकर्तीने पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला.

"त्याला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याकडे राहायला आले तेव्हापासून रोज त्याला जेवायला वाढतेय. रोज समोर बसतेय. आणि त्याला ठाऊक होतं."

"रागावलेले नाही दिसले."

"रागावलेला नव्हताच गं." आत्यांचे डोळे भरून आले आणि या वेळी त्यांनी ते टिपले नाहीत. "वाट बघत होता."

त्या काठी टेकवत उठल्या आणि चित्रापाशी आल्या. चित्रकर्ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. मुलगी दोघींकडे टक्क बघत होती.

"रंग ओला आहे ना अजून?"

"आहे."

"म्हणजे बदलता येईल."

चित्रकर्तीने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "आत्या, डोळे मिटू नका म्हणालेत ते."

"डोळे राहू देत." आत्यांनी काठी उचलली आणि तिचं टोक मुलीच्या हनुवटीपाशी नेलं. आता ते थरथरत नव्हतं. "तोंड उघडता येईल का हिचं? जरासं?"

"किती?"

आत्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण ते शब्दांत सांगता येईना. मग त्यांनी मान वर केली, चित्रातल्या दाराकडे पाहिलं आणि ओठ विलग केले, आतून आवाज निघायच्या अगदी बेतात असल्यासारखे.

चित्रकर्तीने बारीक ब्रश निवडला आणि ती शिडी चढली. वरून तिने एकदा खाली, एकदा समोर पाहिलं.

"हलू नका हं, आत्या."

आत्या तशाच उभ्या राहिल्या, चौकटीकडे बघत, तोंड अर्धं उघडं ठेवून.